खाड्याचं बिल भरतो कोण?

पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत कुठल्याही छोट्या युनिटमध्ये डोकावून बघा. एखादी तरी मशीन बंद असणार आणि बाहेर टपरीवर मालक तणतणत असणार, "पडला असंल कुठं पिऊन!" मीही याच धंद्यात आहे, त्यामुळे ती चिडचिड मला चांगली कळते. पण नुकसान फक्त मालकाचं होतं, हे काही मला पटत नाही.

मालकाचं होतंच. वेल्डर आला नाही की फिटर बसून, कापलेलं मटेरियल पडून आणि पार्टीला दिलेली तारीख बोंबलली. मजुरांच्या ठिय्यावरून ऐनवेळी आणलेला माणूस जास्त रोजी घेतो, वर त्याचं काम परत घासावं लागतं. हे सगळेच बोलतात. न पिणाऱ्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. रात्रपाळी करून डबा उचलून निघालेल्या माणसालाच "भाऊ, आज थांबून जा ना" म्हणून गळ घातली जाते, कारण तो नाही म्हणत नाही. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. छोट्या युनिटमध्ये तो किती जणांच्या हातात पडतो, हे मी सांगायला नको.

मग घर. सकाळी बायकोचा फोन येतो, "साहेब, यायचं पोट दुखून रायलं, आज येत नाई ते." मागे पोरांचा कालवा चाललेला असतो. त्या बाईला माहीत असतं की आपल्याला खरं काय ते कळलंय, तरी ती बोलते. रोजी ६०० धरा. महिन्यात चार खाडे म्हणजे २४०० गेले, दारूचे वेगळे आणि मागच्या महिन्यातली उचल अजून कापायचीच आहे.

माझ्या मते खाडा करणाऱ्यापेक्षा जास्त महागात पडतो तो तसाच कामावर येणारा. देशीच्या एका पव्व्यात, म्हणजे १८० मिलीत, साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच्या आसपास निपटवतं. रात्री बारापर्यंत दोन पव्वे मारलेला माणूस सकाळी सातला ग्राइंडर हातात घेतो, तेव्हा त्याची उतरलेली नसते, फक्त वास कमी झालेला असतो. आणि ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, नसलेल्या कामगाराला अशा अवस्थेत इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून बाकी भरपाई मालक नाकारू शकतो. बोट गेलं तर गेलं.

यावर आपला उपाय काय? खाड्याचे पैसे कापा, ऐकत नसेल तर काढून टाका. नाहीतर सरळ दारूबंदी. शेजारच्या वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून आहे, चंद्रपुरात २०१५ ला केली आणि २०२१ ला उठवली. नागपूरकरांना त्यावर वेगळं काय सांगू? आपण इडापीडा नेणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत "घेऊन जा गे मारबत" म्हणून घसा कोरडा करतो आणि त्याच संध्याकाळी दारूच्या भट्टीवर उभं राहायला जागा नसते.

एक गोष्ट मात्र टोचते. ऑफिसातला साहेब रात्री पार्टीत जास्त घेतो, सकाळी "व्हायरल आहे" असा मेसेज टाकतो, त्याची सिक लीव्ह लागते आणि विषय संपतो. कामगाराचा तोच दिवस हजेरीच्या रजिस्टरमध्ये लाल शाईने दिसतो. म्हणून दारुडा म्हणजे कामगारच, असा आपला गोड समज.

"उद्यापासून सोड, नाहीतर गेट बंद" ही दमदाटी तर धोक्याची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. सकाळचा तो एक घोट कित्येकदा मजेसाठी नसतो, थरथर थांबवायला असतो. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्यावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच. ठेकेदारांनी आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री रोख चुकारा देणं बंद करावं, खात्यात टाकावा. पिऊन आलेल्याला मशीनवर उभं न करता घरी पाठवावं, त्या दिवसाची रोजी कापावी, पण नाव कापू नये. उपचाराला गेलेल्याची जागा महिनाभर राखावी. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, हजेरीच्या खिडकीशी मोठ्या अक्षरात लावा. आणि त्या महिन्यात जो जादा पाळ्या ओढेल, त्याला दुप्पट दर द्या, आधी त्याला.