ईएससी कट करतो ना, मग मॉनिटर कशाला?

आरसी (रिमोटवरच्या) बोटवाल्यांमध्ये एक मेसेज बरेच दिवस फिरतोय, तुम्हालाही आला असेल. म्हणे बोटीत बॅटरी मॉनिटर (मेन बॅटरीचं व्होल्टेज रिमोटवर दाखवणारा सेन्सर) लावणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) बॅटरी उतरली की स्वतःच कटऑफ करतो, म्हणजे मोटर तोडतो, रिमोटच्या स्क्रीनवर व्होल्टेज दिसतंच, बोट स्लो झाली की कळतंच, आणि अगदीच धाकधूक वाटली तर शंभर-दीडशेचा बझर (व्होल्टेज पडलं की बोटीतच वाजणारा) लावा, बास. लिहिणाऱ्याने बहुतेक कारच चालवल्यात. कार थांबली तर चालत जाऊन उचलता येते हो.

आधी कटऑफ. तो असतो बॅटरीसाठी. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा सेल फुल असतो ४.२ व्होल्टला, ३ च्या खाली गेला की खराब व्हायला लागतो, म्हणून ईएससी त्याच्या आसपास मोटर तोडतो, त्या वेळी बोट कुठे आहे याच्याशी त्याला काय देणंघेणं. माझी अशीच तलावाच्या मधोमध थांबली, मोटर बंद पण बीईसी (बॅटरीतून रिसीव्हर-रडरला वीज देणारा भाग) चालू म्हणून रिसीव्हर जिवंत, मी स्टिक हलवतोय आणि रडर इमानदारीत डावीकडे-उजवीकडे वळतंय, पण प्रॉपचं पाणीच त्याच्यावर येत नाही तर ते बोट काय वळवणार, डोंबल! शेवटी गळाच्या दोरीला टेनिस बॉल बांधला, बोटीच्या पलीकडे फेकला आणि ओढत आणली, पाऊण तास गेला. काही ईएससी एकदम न तोडता पॉवर कमी करतात, पण तेवढ्यावर वाऱ्याच्या विरुद्ध परत येणं नशिबावर.

शिवाय बहुतेक ईएससी बघतात ते अख्ख्या पॅकचं व्होल्टेज. थ्री एस म्हणजे तीन सेलचा पॅक १०.२ व्होल्टला असेल तर प्रत्येक सेल ३.४ असं ते धरून चालतात, पण एक सेल म्हातारा असला तर ३.६, ३.६ आणि ३.० मिळूनही १०.२च होतात. आणि सेलची संख्या ऑटोवर ठेवून अर्धवट वापरलेला सिक्स एस लावलात तर? सेलला ३.५ म्हणजे २१ व्होल्ट, फुल फाइव्ह एसही २१च. ईएससीने पाच समजले तर कटऑफ १५ व्होल्टला, म्हणजे खरा सेल २.५ ला. पॅक गेला.

आता स्क्रीन. इथे तर भलेभले फसतात. फ्लायस्कायचा एफएस-आय६ रिमोट आणि त्याच्याबरोबर आयए६बी रिसीव्हर असेल तर स्क्रीनवर ५.० दिसतं, ते रिसीव्हरला बीईसीकडून मिळणारं व्होल्टेज आहे, आणि बीईसीचं कामच मुळी ते ५ वर धरून ठेवायचं, त्यामुळे मेन बॅटरी मरायला टेकली तरी आकडा ढिम्म हलत नाही. दुसरा आकडा रिमोटमधल्या स्वतःच्या सेलचा. मेन बॅटरी बघायची तर वेगळा व्होल्टेज सेन्सर रिसीव्हरच्या सेन्सर पोर्टला लावावाच लागतो. फ्रस्कायवाल्यांकडे एफएलव्हीएसएस नावाचा सेन्सर आहे, तो बॅलन्स लीडला (पॅकच्या प्रत्येक सेलच्या वायरी असलेल्या छोट्या कनेक्टरला) लागतो आणि सेल-सेल वेगळा दाखवतो.

बोट स्लो झाली की कळतं म्हणे. लायपोवर शेवटपर्यंत छान पळते आणि मग एकदम धाडकन बसते, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आणि स्लो होण्याचं कारण प्रॉपला गुंडाळलेलं शेवाळही असू शकतं, तेव्हा तर करंट उलट जास्त जातो.

बझरला मी वाईट म्हणणार नाही, टेबलावर मस्त काम करतो. पण हॅचला (वरच्या झाकणाला) टेप मारलेली, बोट ६० मीटरवर, वारा सुटलेला, कोणाला ऐकू येणार? आणि फुल थ्रॉटलला व्होल्टेज दबतं ते वेगळंच. सेलचा रेझिस्टन्स १० मिलिओहम आणि करंट ५० अँपिअर असेल तर अर्धा व्होल्ट गायब, म्हणजे ३.८ चा धडधाकट सेल ३.३ दाखवणार आणि बझर उगाच बोंबलणार, मग लोक वैतागून सेटिंग खाली करतात. घरी आल्यावर काढायला विसरलात तर रात्रभर बॅटरी पितो ते आणखी.

मी सेन्सरचा अलार्म ३.५ ला ठेवतो, थ्रॉटल सोडूनही वाजत राहिला तर लगेच काठाकडे वळवतो. जोडीला टायमर. पहिल्या दिवशी ६ मिनिटं काठाकाठाने चालवली, चार्जरने ५००० एमएएचच्या पॅकमध्ये ३२०० एमएएच परत भरले, म्हणजे मिनिटाला साधारण ५३३, आणि ८० टक्के म्हणजे ४००० वापरायचे तर साडेसात मिनिटं होतात. त्या पॅकवर आता मास्किंग टेपवर पेनने लिहिलंय: ७ मि., शेवाळ असेल तर ५.