शेवटच्या बाकावर बसून

शाळेत शिकवायचं तर डी.एड., बी.एड. लागतं. कॉलेजात नेट-सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. असली की झालं. शिकवता येतं का, हे त्यात कुणी तपासत नाही. नव्या प्राध्यापकाच्या हातात पहिल्या दिवशी टाइमटेबल पडतं आणि पुढचं त्याचं तो बघतो. मीही शिकवायला तशीच शिकले, मुलांच्या जिवावर. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आता आमच्या नव्या सहकाऱ्यांनी बोलावलं की मी त्यांच्या तासाला शेवटच्या बाकावर बसते. परवा एका सरांचा एफ.वाय. बी.कॉम.ला घसारा, म्हणजे वापरामुळे वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत, हा धडा चालू होता. फळा स्वच्छ, आवाज खणखणीत. "समजलं?" "हो सर!" आणि पुढचं गणित. माझ्या शेजारच्या मुलीने सगळे आकडे उतरवले होते. दुसऱ्या वर्षीचा आकडा कुठून आला, असं हळूच विचारलं तर तिने वही मिटली.

नंतर चहा घेताना मी सरांना एवढंच म्हटलं, "उद्या 'समजलं का' विचारू नका. दहा लाखांची गाडी, घसारा १० टक्के. मूळ किमतीवर काढला तर दुसऱ्या वर्षी किती, उरलेल्या किमतीवर काढला तर किती, ते विचारा. आणि थांबा." हे थांबणंच अवघड. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला १९७०च्या दशकात आढळलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात.

सर थांबले. उत्तर आलं, "दोन्हीकडे एक लाखच." नव्वद हजार कुणीच म्हणालं नाही. वर्ग कुठे अडलाय, हे सरांना तेव्हा दिसलं.

ओरिएंटेशन, रिफ्रेशर, गुरुदक्षता ही प्राध्यापकांची प्रशिक्षणं आपण सगळेच करतो, कॅसला म्हणजे बढतीला लागतं म्हणून. त्यात चांगली व्याख्यानं असतात, पण आपल्या वर्गात येऊन कुणी बसत नाही. आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांना तर यात कुणी धरतच नाही, खरं तर पहिल्या वर्षाचे कितीतरी वर्ग तेच सांभाळतात!

माझं म्हणणं साधं आहे. ज्येष्ठांच्या वर्कलोडमध्ये आठवड्याला दोन तासिका नव्यांच्या वर्गात बसण्यासाठी धरा. जे पाहिलं ते त्या दोघांतच राहू दे. प्राचार्यांकडे अहवाल गेला की नवा माणूस उघडपणे चुकायलाच घाबरतो. आणि ज्येष्ठांनीही आपला वर्ग उघडा ठेवावा. सोमवारी ते सर माझ्या कॉस्टिंगच्या तासाला येऊन बसणार आहेत.