गोळ्या बंद करा, असं येशू कुठे म्हणाला?

‘गोळी घेणं म्हणजे अविश्वास’ असा मथळा असलेला एक मजकूर ख्रिस्ती घरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतोय. तो वाचून माझ्या मावशीने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या, तेही घरात कुणाला न सांगता. नाहीतर असल्या मजकुराला मी उत्तर दिलं नसतं. त्याचं म्हणणं असं: शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, वैद्य हरले, आजार पापामुळे येतो, आणि प्रार्थनेनंतरही बरं वाटलं नाही, तर तुमचाच विश्वास कमी.

वैद्यांचं आधी उरकतो. बारा वर्षं रक्तस्राव सोसणाऱ्या बाईचा पैसा वैद्यांपायी संपला, असं शुभवर्तमान लिहिणारा मार्क सांगतो. खरंय. पण त्यातून औषधबंदी कशी निघते? निरोग्यांना नव्हे, दुखणाइतांना वैद्याची गरज असते, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूच बोलतो. येशूचा प्रेषित पौल, त्याच्या सोबत्यांत लूक नावाचा वैद्य होता. मिरजेत १८९४ साली इस्पितळ उभारणारे डॉ. वॉन्लेस मिशनरीच होते. त्यांना काय प्रार्थना येत नव्हती?

‘विश्वास कमी’ हा मुद्दा मात्र निव्वळ क्रूर आहे. आजारी माणसाला आजार कमी पडला म्हणून वर अपराधाचं ओझं! रक्तस्राव सोसणाऱ्या त्या बाईला ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले’ असं येशू म्हणाला, हे मान्य. मग योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्यायही वाचा. बेथेस्दाच्या तळ्यात पाणी हललं की आधी उतरणारा बरा होतो, अशी समजूत; तिथे काठावर अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस पडलाय. बरं व्हायचंय का, असं येशू विचारतो, तर हा गाऱ्हाणं सांगतो: मला पाण्यात सोडायला कुणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच उतरतो. ना प्रार्थना, ना विश्वासाची कबुली. तरी तो उठून चालू लागतो. कुणी बरं केलं असं लोक विचारतात, तेव्हा त्याला येशूचं नावसुद्धा सांगता येत नाही! इथे विश्वास कुणी मोजला? कफर्णहूमच्या पक्षघाती माणसाला तर चौघांनी छप्पर उसकटून खाटेसकट खाली सोडलं, आणि मार्क लिहितो की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. मग मावशी बरी झाली नाही तर तिला विचारण्याआधी, तिची खाट उचलायला कोण गेलं होतं ते विचारा की.

पापाचं म्हणाल तर त्याच तळ्याकाठच्या माणसाला येशू पुढे म्हणतो, आता पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल. हे वाक्य आहे, मी लपवत नाही. पण योहानाच्याच नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य हाच प्रश्न थेट विचारतात: पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही, त्यांचंही नाही. सरसकट नियम तिथेच मोडला.

शेवटी तो मजकूर दहा जणांना न पाठवल्यास आशीर्वाद अडतो म्हणे. कुष्ठरोग्याला बरं केल्यावर येशूने ताकीद दिली होती की कुणाला काही सांगू नकोस, जाऊन याजकाला दाखव.