पांढरा पाव, चहा आणि इंग्लंडचा शेतमजूर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचे शेतमजूर काय खात होते आणि का, या विषयावरच्या माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप तीन आहेत. दक्षिण इंग्लंडच्या मजुराने स्वस्त आणि पौष्टिक ओटची लापशी नाकारून पांढऱ्या पावाचा आणि चहाचा हट्ट धरला तो केवळ श्रीमंतांच्या अनुकरणापोटी, म्हणून आपल्या हलाखीला तो स्वतःच जबाबदार होता, हा पहिला आक्षेप. त्या चहात पडणाऱ्या साखरेमागच्या गुलामगिरीकडे मी काणाडोळा केला, हा दुसरा. धान्यासाठी झालेले दंगे ही निव्वळ लूट असताना मी त्यांना नैतिक मुलामा दिला, हा तिसरा. पहिला आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून त्याच्यावरच अधिक लिहितो.

आपला हा युक्तिवाद त्या काळीही मांडला गेला होता. सर फ्रेडरिक मॉर्टन ईडन यांनी 1797 मध्ये इंग्लंडच्या गरिबांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली आणि तीत उत्तरेकडच्या लोकांच्या लापशीची व सूपची वाखाणणी करून दक्षिणेकडच्या मजुराला पाव आणि चहावर पैसे उधळणारा ठरवले. परंतु त्याआधीच बार्कशर परगण्यातील बार्कहॅम गावचे धर्मगुरू डेव्हिड डेव्हिस यांनी आपल्या गावातल्या मजुरांच्या घरखर्चाचे हिशेब गोळा करून 1795 मध्ये छापले होते, आणि माझ्या मते या वादात त्या हिशेबांना ईडन यांच्या उपदेशापेक्षा अधिक वजन दिले पाहिजे. त्यातल्या एका घरात नवरा, बायको आणि पाच मुले होती, आणि थोरले मूल आठ वर्षांचे होते. आठवड्याचा खर्च जवळजवळ 9 शिलिंग (एका शिलिंगचे 12 पेन्स) आणि मिळकत साडेआठ शिलिंग. खर्चापैकी सव्वासहा शिलिंग एकट्या पिठावर जात. मांस म्हणाल तर आठवड्याला 1 पौंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम, बेकन (डुकराचे खारवलेले मांस), तेही दोनतीनदा पाल्याबरोबर उकळून त्याचे पाणी मुलांना पावाबरोबर द्यायचे. आणि ज्या चहाला आपण चैन म्हणता तो सात माणसांत आठवड्याला 1 औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम. किंमत 2 पेन्स.

हा चहा त्या घरात आला कसा, हे पाहिले की अनुकरणाचे स्पष्टीकरण अपुरे पडते. मजुराचे जुने पेय घरी गाळलेली हलकी बिअर हे होते, पण माल्टवरच्या (बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या धान्यावरच्या) करामुळे ती गाळणे त्याच्या आवाक्याबाहेर गेले. दूध मिळावे तर गाय हवी आणि गायीला चरायला गायरान हवे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून गावोगावची सामायिक जमीन कुंपणात घातली, आणि ज्याच्या नावावर कागद नव्हता त्याची गाय, बदके आणि सरपण गोळा करण्याची सवलत एकदमच गेली. दुसरीकडे, 1784 च्या कायद्याने चहावरचा शंभर टक्क्यांहून अधिक असलेला कर साडेबारा टक्क्यांवर आणला गेला. दूध आणि बिअर महागली आणि चहा स्वस्त झाला, तेव्हा मजुराने चहा घेतला. चहा हे गरिबीचे कारण नसून तिचा परिणाम आहे, असे डेव्हिस यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. (हा चहा आपल्याकडचा नव्हता, हेही सांगायला हवे. तो चीनच्या कँटन बंदरातून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी येत असे. आसामचा चहा लंडनच्या लिलावात आला तो 1839 मध्ये.)

ओटच्या लापशीचे उदाहरण आपण दिले आहे, म्हणून सरपणाचा मुद्दा थोडा उलगडतो. लापशी, सूप, उकडलेले बटाटे या सर्वांना चूल पेटती लागते. उत्तरेत कोळशाच्या खाणी जवळ होत्या, आणि लापशीबरोबर घ्यायला दूधही बऱ्याच घरांत होते. दक्षिणेकडच्या परगण्यांत कोळसा दुरून येई आणि महाग पडे, आणि कुंपणे पडल्यानंतर काटक्या वेचणे हाही गुन्हा ठरू लागला. अशा घरात तयार पाव आणि त्याच्याबरोबर एक गरम घोट, हेच दिवसातले एकमेव ऊन अन्न होते. राहिला पावाच्या रंगाचा प्रश्न. कोंड्याचा जाड पाव लोणी, चीज, मांस यांच्याबरोबर चांगला लागतो. पण आपल्याकडे दूध-ताकाशिवाय, कालवणाशिवाय नुसती कोरडी भाकरी दोन्ही वेळा खाऊन ज्याने नांगर धरला आहे, त्याला पाव हेच सगळे जेवण असणे म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. कोंड्याच्या पावाने पोट बिघडते आणि कामाला जोर राहत नाही, ही मजुरांची तक्रार होती. शिवाय काळपट पिठात काय मिसळले आहे ते ओळखता येत नाही, हा संशयही होता.

सरकारने 1800 च्या अखेरीस कायदा करून बारीक चाळलेले पीठ तयार करण्यास बंदी घातली. लोकांनी त्याला विषाचा कायदा म्हटले. ससेक्समधील हॉर्शॅमच्या परिसरात बायकांनी पवनचक्कीवर जाऊन गिरणीवाल्याला जाब विचारला आणि नव्या कायद्याप्रमाणे जाडे पीठ चाळण्याचे त्याचे कापड फाडून टाकले. तो कायदा काही आठवड्यांतच, 1801 मध्ये, मागे घ्यावा लागला. गरिबांना कोंडा खाण्याचा सल्ला दिला जात होता त्या वर्षांत श्रीमंतांच्या केसांना लावायची पावडर गव्हाच्या स्टार्चपासूनच होत होती. 1795 मध्ये तिच्यावर वर्षाला 1 गिनी (21 शिलिंग) कर बसला, पण गिनी भरणाऱ्याला ती वापरण्याची मोकळीक राहिली. पोटाला काटकसर कोणी करायची, याचा निवाडा इथे माझ्या दृष्टीने पुरेसा स्पष्ट आहे.

साखरेबाबत आपण म्हणता ते वास्तव आहे, आणि मी ते नाकारलेले नाही. बार्कहॅमच्या त्या घरात आठवड्याला पाऊण पौंड साखर येत होती, ती कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत गुलामांच्या श्रमाने पिकलेली होती. गुलामांच्या व्यापारावर बंदी घालण्याचा ठराव 1791 मध्ये पार्लमेंटने फेटाळल्यावर इंग्लंडमध्ये त्या साखरेवर बहिष्काराची चळवळ उभी राहिली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाने सुमारे 3 लाख लोकांनी साखर सोडली, आणि घरात काय शिजेल हे ठरवणाऱ्या स्त्रियांचा त्यात मोठा वाटा होता. या चळवळीविषयी मला अत्यंत आदर आहे. परंतु ज्यांच्या ताटात इतर पुष्कळ काही होते त्यांना साखर सोडणे जमले. ज्या मुलांच्या पोटात पाव आणि गोड चहाखेरीज काही जात नव्हते त्यांच्या आईकडून तोच त्याग मागणे मला न्याय्य वाटत नाही. मळेवाल्याचा नफा आणि जमीनदाराचे कुंपण यांचे ओझे गुलाम आणि मजूर या दोघांवर सारखे नव्हते, हे मान्य. पण त्या व्यवस्थेचा सूत्रधार मजूर नव्हता.

आता दंग्यांविषयी. लुटारू धान्य घेऊन जातो. 1766 मध्ये डेव्हनमधील हॉनिटन येथे लेस विणणाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या घरांतून धान्य काढले, बाजारात नेऊन स्वतःला रास्त वाटणाऱ्या दराने विकले, आणि आलेले पैसे तर परत केलेच, रिकामी पोतीही परत केली. त्याच वर्षी ग्लॉस्टरशर परगण्याच्या शेरीफनेही (राजाने नेमलेल्या अधिकाऱ्यानेही) जमावाने धान्य स्वतः ठरवलेल्या दराने विकून पैसे मालकांना दिल्याचे कळवले होते. सगळेच जमाव असे शिस्तीचे होते असा माझा दावा नाही. पण ही शिस्त कुठून आली, याचे उत्तर कायद्यात आहे. पावाचे वजन आणि किंमत गव्हाच्या दराशी बांधणारा नियम तेराव्या शतकापासून चालत आला होता आणि लंडनमध्ये तो 1822 पर्यंत टिकला. माल बाजारात येण्याआधीच वाटेत विकत घेणे, नफ्यासाठी पुन्हा विकणे, साठा करून ठेवणे, यांच्याविरुद्धचे जुने कायदे पार्लमेंटने रद्द केले ते 1772 मध्ये. म्हणजे 1795 च्या टंचाईत रस्त्यावर उतरलेला चाळिशीचा मजूर सतरा वर्षांचा होईपर्यंत साठेबाजी हा लिखित कायद्याने गुन्हा होता. त्यानंतरही, 1800 मध्ये, सरन्यायाधीश लॉर्ड केन्यन यांच्यासमोर ओटच्या एका व्यापाऱ्याला याच स्वरूपाच्या आरोपावरून, रूढीने चालत आलेल्या अलिखित कायद्याखाली, दोषी ठरवण्यात आले. जमाव जे मागत होता ते देशाच्या न्यायालयाने त्या वर्षापर्यंत पुरते सोडून दिलेले नव्हते.