हॅनकॉक भिंतीवरून परत आत येतो तो सीन

परवा रात्री टीव्हीवर 'हॅनकॉक' लागला होता, बायको म्हणाली किती वेळा बघणार, तरी शेवटपर्यंत बघितला. २००८ चा पिक्चर, विल स्मिथचा. तेव्हा कॉलेजच्या ग्रुपसोबत ठाण्यातच थिएटरला बघितलेला आणि बाहेर वडापाव खाताना सगळ्यांचं एकच, की सुपरहिरो असा असतो का रे, दारू पिऊन बाकड्यावर झोपलेला, चोर पकडायला जातो आणि अर्धा रस्ता फोडून येतो, लोक टाळ्यांऐवजी शिव्या घालतात. मला मात्र तो बाकडा बघून पोटात कालवलेलं, कारण आमचे मधले काका तेव्हा तलावपाळीला असेच सापडायचे. मी आणि बाबा रात्री अकराला रिक्षा करून त्यांना आणायला जायचो.

काका वायरमन. कोपरीत कुणाची लाइट गेली, मीटर जळला की रात्री दोनलाही जाणार, पैसे दिले तर दिले. आणि काम झालं की तेच लोक पाठीमागे बेवडा म्हणणार. खरं सांगतो, आम्ही घरचे तरी कुठे वेगळे होतो, सणाला त्यांचं ताट त्यांच्या खोलीत पाठवून द्यायचो, पाहुण्यांसमोर नको म्हणून.

म्हणूनच मला त्यातला रे एम्ब्री फार मोठा माणूस वाटतो. रेल्वे क्रॉसिंगवर अडकलेल्या रेला हॅनकॉक वाचवतो, पण त्यात ट्रेनची पार वाट लावतो, सगळी पब्लिक त्याच्यावर ओरडतेय, आणि रे त्याला आपल्या घरी बायको-पोरासोबत टेबलावर जेवायला बसवतो. सुधारायचं वगैरे सगळं नंतर.

मग रेच्या सांगण्यावरून हॅनकॉक स्वतःहून जेलमध्ये. तिथे सगळे गोल करून बसतात, एकेकाने मन मोकळं करायचं, याची पाळी आली की हा फक्त 'पास' म्हणतो. आणि एकदा बास्केटबॉल भिंतीपलीकडे जातो, हा एका उडीत बाहेर, गार्ड सगळे टेन्शनमध्ये, आणि हा बॉल घेऊन गुपचूप परत आत. मला विचाराल तर अख्खा पिक्चर इथे आहे. त्याला ती भिंत अडवूच शकत नव्हती हो! काका पहिल्यांदा पुण्याला अवचटांच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेले तेव्हा मध्येच निघून आले होते, आम्ही खूप बोललो त्यांना. दुसऱ्या वेळी कुणी काही न सांगता स्वतः बॅग भरली.

सेकंड हाफ मात्र मला अजूनही पटत नाही. रेची बायको मेरी पण हॅनकॉकसारखीच ताकदवाली, दोघं जवळ राहिली की ताकद जाते, कल्पना चांगली आहे, पण त्या नादात पिक्चर त्याची दारूच विसरतो. गोळी लागते तीही दारूच्या दुकानात, चोर अडवताना, केवढा सीन हातात होता, पाच मिनिटं द्यायची ना तिथे! पण नाही, लगेच हॉस्पिटल, व्हिलन, मारामारी. दारू अशी पटकथेच्या सोयीने सुटत नाही, काका अजूनही म्हणतात की मी फक्त आजचा दिवस बघतो, आणि त्यांना आता सात वर्षं झालीत.

त्यांनी हा पिक्चर अजून बघितलेला नाही. रविवारी त्यांना जेवायला बोलावलंय, माझ्या सासरचे पण आहेत, सगळे एकाच पंगतीला बसणार आणि जेवण झालं की लावणार आहे.