बीपीटीचे रूळ भंगारात घालण्याआधी

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचं काय करावं, यावर हल्ली ज्याला त्याला मत आहे. क्रूझ टर्मिनल, मरीना, पाण्याकाठी फिरायचा रस्ता, मागे काचेच्या इमारती. चित्रं छान असतात. निळंशार पाणी, पांढरे शर्ट घातलेली माणसं. (शिवडीच्या खाडीचं पाणी निळं कधी होतं, हे चित्र काढणाऱ्यालाच ठाऊक.) या चित्रांत मला बीपीटीची, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टची रेल्वे मात्र कधीच दिसत नाही.

नव्या पोरांसाठी सांगतो. हार्बर लाइन वेगळी, ही वेगळी. पोर्ट ट्रस्टची स्वतःची मालगाड्यांची रेल्वे होती, 1 जानेवारी 1915 ला सुरू झालेली. वडाळ्याला ती देशाच्या रेल्वेला जोडलेली आणि तिथून शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, माझगाव करत पार बॅलार्ड पिअरपर्यंत. मधे प्रत्येक गोदामाला, प्रत्येक धक्क्याला तिचा फाटा. प्रिन्सेस डॉक 1880 चा, व्हिक्टोरिया 1888 चा, अलेक्झांड्रा म्हणजे आताचा इंदिरा डॉक 1914 चा. तिन्ही गोद्या बांधून झाल्या तेव्हा बोटीतला माल बैलगाड्यांवर शहरभर फिरवणं परवडणारं नव्हतं, म्हणून ही रेल्वे.

जुन्या मुंबईवरच्या लेखांत हिचा उल्लेख आला तर एकाच कारणाने येतो. बॅलार्ड पिअरला बोटीतून उतरलेला साहेब तिथल्याच मोल स्टेशनावर फ्रंटियर मेलमध्ये बसून पेशावरकडे निघायचा. 1928 ची ती गाडी, तिचा थाट, तिचा डायनिंग कार. ठीक आहे, वाचायला बरं वाटतं. पण या रुळांवरून साहेब गेला तो चिमूटभर. बाकी गेला तो कापूस, धान्य, कोळसा, मँगनीज आणि लोखंड.

कापसाचंच घ्या. खामगावला 1870 मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा काढला तो कापसासाठी. पुढच्याच वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला काढला तोही त्यासाठीच. वऱ्हाड-खानदेशच्या जिनिंग-प्रेसिंगमधून दाबून निघालेल्या गाठी मुंबईत यायच्या. आधी हा सगळा बाजार कुलाब्याला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माझगाव-शिवडीकडचा समुद्र भरून पोर्ट ट्रस्टने जमीन काढली आणि 1920 च्या दशकात कापूस तिकडे हलवला. कॉटन ग्रीन स्टेशनाबाहेर पडलात की ती गोदामं आणि कापूस बाजाराची जुनी इमारत अजून उभी आहे. गाठ वाघिणीतून थेट गोदामात, तिथे सौदा, मग गिरणीत नाहीतर पुन्हा रुळावरून बोटीत. अकोल्याच्या शेतकऱ्याला माहीत नसेल, पण त्याच्या पिकाचा प्रवास या काही किलोमीटरांत ठरायचा.

माझे आजोबा याच पट्ट्यात हमाल होते. साताऱ्याकडून आलेले. त्यांचा गाठी ओढायचा हूक आमच्या घरी अजून आहे. लाकडी मूठ, त्यातून निघालेला वितभर लोखंडी आकडा. मूठ एका बाजूला इतकी झिजलीय की ती उजव्या हाताचीच आहे हे न सांगता कळतं. डाव्या हाताने धरली तर बसत नाही. आजी त्याने विहिरीतली बादली काढायची, गावी गेली की. पुढे आईने त्याला दाराच्या मागे ठोकलं आणि छत्र्या अडकवल्या. हल्ली कुठल्या तरी कॅफेत असे हूक भिंतीवर शोभेला लावलेले बघितले. ते सगळे सारखे झिजवलेले होते, दोन्ही बाजूंनी.

गोदी म्हटलं की लोक लगेच 1944 च्या स्फोटावर येतात. यायलाच हवं. 14 एप्रिलला फोर्ट स्टिकीन बोटीवर दारूगोळ्याशेजारी कापूस भरलेला होता, आग लागली आणि अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांना दरवर्षी मानवंदना दिली जाते. पण त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या हजारो साध्या पाळ्यांबद्दल कोणी बोलत नाही. पी. डिमेलो रोडचं नाव टॅक्सीवाल्याला रोज सांगतो आपण, पण डिमेलो हा गोदी कामगारांचा पुढारी होता हे किती जणांना माहीत आहे? अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं, 1969 चा माथाडी कायदा झाला, तो कसल्या कामातून आला? या असल्याच पाठीवरच्या ओझ्यातून.

मग हे सगळं बंद का पडलं? लोक म्हणतात युनियनबाजीने वाट लावली. मला हे अर्धवट वाटतं. कंटेनर आल्यावर बंदराचं गणितच बदललं. कंटेनरला खोल पाणी लागतं आणि उतरवून ठेवायला मोकळी जागा लागते. जुन्या गोद्यांकडे दोन्ही नव्हतं, चारी बाजूंनी शहर. 26 मे 1989 ला पलीकडे न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं तेव्हाच निकाल लागला होता. त्यात 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, म्हणजे कापसाचं जवळचं गिऱ्हाईक गेलं. ट्रक दारात माल देतो आणि मालगाडीला लोकलच्या गर्दीतून वाट मिळायची ती रात्रीची. एवढं सगळं एकाच वेळी अंगावर आल्यावर कुठली युनियन काय करणार होती?

आज तिकडे चालत गेलात तर रूळ तुकड्यातुकड्यांत भेटतात. कुठे गवतात, कुठे भंगाराच्या ढिगाखाली, कुठे भिंतीखाली शिरलेले. बाकी सगळीकडे गंज, पण जिथे रस्ता रुळांना आडवा जातो तिथे मात्र ते लखलखीत असतात. वरून ट्रकची चाकं फिरतात म्हणून. शाळेत असताना सायकलचं चाक त्या खाचेत अडकून आपटलेली पोरं आमच्या वर्गात बरीच होती. खाच तिरकी नाही, काटकोनात ओलांडायची, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी कळलं.

आता माझा मुद्दा. बंदराकडे सुमारे 1,800 एकर जमीन आहे. त्यातला रुळांचा पट्टा जमिनीच्या हिशेबात किरकोळ, पण उत्तर-दक्षिण अखंड जाणारा आणि सरकारी मालकीचा. वडाळ्याहून बॅलार्ड पिअरपर्यंत, कोणाकडून इंचभर विकत न घेता, सामान्य माणसाला चालत जाता येईल अशी ही वाट आहे. ती आधी कागदावर राखून ठेवा, मग बाकीचे प्लॉट पाडा. उलट्या क्रमाने केलंत तर काय होतं ते गिरणगावाने दाखवलंय. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: शहराला, घरांना, मालकाला. 2001 मध्ये नियम बदलून गिरणीच्या आवारातली फक्त आधीच मोकळी असलेली जागाच हिशेबात धरली आणि मैदानांना मिळाली ती चिंधी. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. तेव्हाही चित्रं छानच होती.

न्यूयॉर्कच्या हाय लाइनचं उदाहरण लोक लगेच तोंडावर टाकतात. हडसनकाठच्या कारखान्यांना माल पुरवणारा 1934 चा उंचावरचा लोहमार्ग, 1980 मध्ये शेवटची मालगाडी, 2009 मध्ये बाग. सुंदर आहे म्हणतात. पण आसपासचे भाव असे चढले की, ज्यांनी ती बाग उभी केली त्यांच्यातल्याच एकाने पुढे कबूल केलं की शेजारच्या गरीब वस्तीसाठी आम्ही कमी पडलो. आपल्याकडे दारूखाना, कौला बंदर, रे रोडला रुळांच्या अगदी कडेला माणसं राहतात. तिथेच काम करतात, तिथेच स्वयंपाक करतात. बागेसाठी त्यांनाच उठवून माहुलच्या पुनर्वसन वसाहतीत पाठवणार असाल तर राहू दे तुमची बाग. या वाटेवर पहिला हक्क त्यांचा.

आणि कृपा करून रंगवलेलं इंजिन चौथऱ्यावर ठेवून फोटो पॉइंट करू नका. एक वजनकाटा ठेवा, दोन-चार सांधे बदलायचे खटके ठेवा, एखादं गोदाम आहे तसं ठेवा. रूळ उखडू नका, त्यांच्या मधून फरशी टाका. सायकलवाल्यांसाठी खाच तेवढी बुजवा.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी गोदीचा बिल्ला, पाळीचं कार्ड, युनियनची पावती, यार्डात काढलेला फोटो असेल तर कमेंटमध्ये टाका. कोण, कुठल्या डॉकला, कुठल्या गावचे, तेही लिहा. पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे) आणि फाटकवाल्यांच्या घरची माणसं असतील तर खास लिहा, कारण हमालांचं थोडंफार तरी सापडतं, त्यांचं काहीच सापडत नाही. साहेबाच्या गाडीचे फोटो नकोत, ते माझ्याकडे ढीगभर आहेत.