खोली क्रमांक ४२

महिला दिन जवळ आला की पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांचे फोटो फिरायला लागतात. डोक्याला घट्ट टोपी, अंगात ढगळ झगा, पुढ्यात तोफगोळ्यांच्या रांगा, चेहऱ्यावर हसू. खाली ठरलेलं वाक्य: युद्धाने बाईला घराबाहेर काढलं. हे वाक्य मला मुळीच पटत नाही.

१९१५ मध्ये आघाडीवर तोफगोळे कमी पडले, मंत्री लॉइड जॉर्ज यांच्या हाती नवं दारूगोळा खातं आलं आणि बायकांची भरती सुरू झाली. युद्ध संपेपर्यंत हा आकडा नऊ लाखांच्या आसपास गेला. पण त्यातल्या कितीतरी जणी आधीही राबतच होत्या, कुणी श्रीमंतांघरी मोलकरीण म्हणून, कुणी कापडगिरणीत. घराबाहेर त्या केव्हाच पडल्या होत्या. फक्त तेव्हा त्यांचे फोटो काढायची कुणाला गरज वाटली नव्हती.

त्या फोटोंत रंगही दिसत नाही. तोफगोळ्यांत टीएनटी हे स्फोटक भरणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडायची, टोपीबाहेर राहिलेले केस तांबूस व्हायचे. लोक त्यांना 'कॅनरी' म्हणत, त्या पिवळ्या पाखराच्या नावावरून. काहींची बाळंसुद्धा पिवळसर जन्मली. विष यकृतात उतरलं की कावीळ व्हायची, आणि त्या काविळीने शंभराहून जास्त बायका गेल्या. एवढं सोसून मजुरी पुरुषांपेक्षा कमी, बऱ्याच ठिकाणी निम्मी! मेरी मॅकार्थर आणि त्यांच्या कामगार संघटनेला त्यासाठीही भांडावं लागलं.

लीड्सजवळच्या बार्नबो कारखान्याबद्दल वाचल्यापासून मला त्याचा विसर पडत नाही. तिथे कामाची पाळी सुरू होण्याआधी घरचे कपडे काढून झगा आणि रबरी तळव्यांचे बूट घालायचे. केसांत आकडासुद्धा चालायचा नाही, कारण धातूवर धातू घासून ठिणगी पडली तर सगळंच संपलं. ५ डिसेंबर १९१६ ला रात्रपाळी नुकती लागली होती. खोली क्रमांक ४२ मध्ये भरलेल्या साडेचार इंची गोळ्यांना फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ, बसवायचं काम होतं. दहा वाजून गेल्यावर एक गोळा फुटला. ३५ जणी गेल्या. काहींची ओळख पटली ती फक्त गळ्यातल्या बिल्ल्यावरून. शरीरं बाहेर काढली आणि थोड्याच वेळात दुसऱ्या मुली त्याच खोलीत कामाला उभ्या राहिल्या. सेन्सॉरमुळे नेमकं काय घडलं हे लोकांना कळायला युद्ध संपून काही वर्षं जावी लागली. आईबापांना पेपरात मुलगी कशी गेली हेही धड छापता आलं नाही.

१९१८ मध्ये मताधिकार आला, पण तीस वर्षांवरच्या बायकांना, आणि तोही मालमत्तेच्या अटीसह. कारखान्यांतल्या बहुतेक मुली विशीतल्या. त्यांना १९२८ पर्यंत थांबावं लागलं. नोकऱ्या मात्र लगेच गेल्या, १९१९ च्या कायद्याने जागा परत पुरुषांकडे.

हे सगळं आज लिहायचं कारण आपल्या नागपूरजवळ आहे. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात पॅकिंग चालू असताना स्फोट झाला. नऊ जण गेले, त्यातल्या सहा बायका. सहा महिन्यांत, जून २०२४ मध्ये, धामण्याला पुन्हा तेच, आणि तिथेही जास्त करून बायकाच. ही स्फोटकं खाणींसाठीची, युद्ध कुठलंच नव्हतं. तरी बारूद हाताळायला बाईचाच हात लागतो, आणि बातमीत ती 'मृतांमध्ये इतक्या महिला' एवढीच उरते. दोन-तीन दिवस मदतीचे आकडे येतात, मग चौकशी, मग काहीच नाही. चौकशीत काय निघालं हे त्या गावांना मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवलं पाहिजे. आणि त्या बायकांची नावं गावात दगडावर कोरली पाहिजेत, जशी शहीद जवानांची कोरतात.

ज्यांच्या घरातलं कुणी अशा कामावर जातं त्यांनी कमेंटमध्ये लिहा. हातमोजे मिळतात का, दिवसाला किती नग भरायचे असतात, घाईची सक्ती होते का? कारखान्याचं नाव लिहू नका, नोकरीवर यायला नको.